चिंगी टाचा का धरते: पुण्यातल्या फ्लॅटमधल्या एका कॉर्गीचं प्रकरण

चिंगी म्हणजे पेम्ब्रोक वेल्श कॉर्गी जातीची मादी, तेव्हा वय सव्वा वर्ष, वजन 14.6 किलो, राहणार पश्चिम पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीत टू बीएचके फ्लॅटमध्ये. घरात आईबाबा दोघंही नोकरीवाले, आठ वर्षांचा मुलगा आणि बाबांची आई. (घरच्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, चिंगी हे नावही खरं नाही पण शोभतं तिला.)

कुत्र्यांचं वागणं सुधारायचं काम मी करते, मला बोलावलं ते तक्रार झाल्यावर. संध्याकाळी पोडियमवर (पार्किंगच्या वरची मोकळी जागा) पोरं पकडापकडी खेळत होती, चिंगीचा पट्टा मुलाच्या हातात होता, तो सुटला आणि चिंगी थेट पळणाऱ्या पोरांच्या घोळक्यात. एका मुलीची पँट घोट्यापाशी धरून ओढली, दात कातडीला घासून गेला. रक्त नाही आलं पण ओरखडा उठला. आजींनी लगेच त्या मुलीचा पाय नळाखाली धरून साबणाने चांगला पंधरा मिनिटं धुतला, मग तिचे आईवडील तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले आणि रेबीजच्या लसीचा कोर्स चालू केला. कातडीत मारायचं इंजेक्शन असतं, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. चिंगीची स्वतःची लस वेळेवर झालेली होती, तरीही हे सगळं केलं हे अगदी बरोबर केलं. 'घरचा कुत्रा आहे, लस दिलीय, काही होत नाही' असं म्हणून सोडून देणारे खूप भेटतात म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

त्यानंतर सोसायटीच्या ग्रुपवर जे व्हायचं ते झालं. कमिटीकडून नोटीस आली की कुत्रं लिफ्टमधून न्यायचं नाही, आणि पुढच्या मीटिंगला 'कुत्रे पाळण्यावर बंदी' असा विषयच ठेवला. आता ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, आणि लिफ्टही बंद करता येत नाही. बाबा ते प्रिंटआउट घेऊन भांडायला निघाले होते. मी म्हटलं कागद खिशात असू द्या, पण ज्या आईवडिलांच्या मुलीला चार वेळा इंजेक्शनं घ्यावी लागतायत त्यांच्या तोंडावर नियम फेकून काय मिळणार, आधी कुत्र्याचं बघू.

आतापर्यंत काय काय केलं होतं ते विचारलं तर मोठी यादीच निघाली. चिंगी साधारण सहा महिन्यांची असल्यापासून टाचा धरायची. आधी सगळ्यांना गंमत वाटायची, व्हिडिओ काढले गेले. मग ती फरशी पुसणाऱ्या मावशींच्या मॉपवर धावायला लागली, झाडूवर, पोछ्याच्या बादलीवर, मुलगा सॉक्स घालून घरात पळाला की त्याच्या पायांवर. कोणीतरी सांगितलं की एनर्जी जास्त आहे, दमवा. म्हणून बाबा सकाळी सायकलवर आणि चिंगी शेजारी पळतेय, संध्याकाळी गच्चीवर बॉल फेकायचा, फेकायचा, फेकायचा. मग एक ट्रेनर आले, त्यांनी चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) घातली आणि टाच धरली की गुंडाळलेला पेपर नाकावर मारायला सांगितला. पाणी मारायची स्प्रे बाटलीही झाली. शिवाय मुलाला कुठूनतरी लेझर मिळाला होता, त्याचा लाल ठिपका भिंतीवर फिरवला की चिंगी वेडी होऊन पळायची, सगळ्यांना वाटायचं घरबसल्या व्यायाम होतोय.

ह्या सगळ्याचा परिणाम काय, तर आधी ती टाच धरायच्या आधी भुंकायची, गुरगुरायची, ते बंद झालं. घरच्यांना वाटलं सुधारली. सुधारली वगैरे काही नाही, तिला कळलं की आवाज केला की मार बसतो, म्हणून आता न सांगता धरायची. मार देऊन शिकवण्यातला हा सगळ्यात वाईट भाग, बाहेरून कुत्रं शहाणं दिसतं आणि आतून जास्त धोक्याचं झालेलं असतं. लेझरचं तर अजून वेगळंच. तो ठिपका कधी हातात येतच नाही, त्यामुळे पाठलाग कधी संपत नाही, आणि गुरं वळणाऱ्या जातींना तर त्याचं व्यसन पटकन लागतं. आजींचं स्टीलचं ताट हललं आणि छतावर कवडसा पडला की चिंगी मान वर करून बघत बसायची, जेवण सोडून.

आता मुळात कॉर्गी हा काय प्रकार आहे ते बघू, कारण इथे घरच्यांचीच काय, आपल्या बहुतेकांची समजूत चुकीची असते. पेम्ब्रोक कॉर्गी वेल्सचा, पेम्ब्रोकशायर भागातला. उंची 25 ते 30 सेंटीमीटर, ब्रिटिश स्टँडर्डप्रमाणे मादीचं वजन 9 ते 11 किलो. ब्रिटनच्या केनेल क्लबने पेम्ब्रोक आणि कार्डिगन ह्या दोन वेगळ्या जाती मानल्या 1934 साली, त्याआधी दोघांना एकच धरायचे. ब्रिटनच्या दिवंगत राणी दुसऱ्या एलिझाबेथमुळे जगभर नाव झालं, तिच्या वडिलांनी 1933 मध्ये पहिली कॉर्गी घरात आणली आणि 1944 मध्ये तिला अठराव्या वाढदिवसाला सूझन नावाची कॉर्गी मिळाली, पुढे त्याच सूझनचा वंश राजवाड्यात चालला. त्या राजवाड्यातल्या कॉर्गींनीही लोकांचे पाय धरलेत बरं का, पेपरात छापून आलंय.

पण राजवाड्याआधी शेकडो वर्षं ह्या कुत्र्याचं काम होतं गाईगुरं हाकायचं. आणि हाकायची पद्धत म्हणजे मागून जाऊन गाईच्या खुराच्या वर, टाचेला चावा काढायचा आणि लगेच खाली दबायचं, म्हणजे गाईची लाथ डोक्यावरून निघून जाते. पाय आखूड आहेत ते एका जीनमुळे, एफजीएफ4 नावाच्या जीनची एक जादा प्रत ह्या जातीत आहे, 2009 मध्ये हे शोधलं गेलं, डॅशहंड आणि बॅसेटमध्येही तीच. ते आखूड पाय खेळण्यासारखे गोड दिसतात, पण गाईच्या पायांत घुसून काम करणाऱ्या कुत्र्याला त्यांचा फायदाच होता.

आपल्याकडे मेंढपाळाचा कुत्रा म्हटलं की डोळ्यासमोर धनगरांची कुत्री येतात. दिवाळीनंतर पुण्याच्या आसपासच्या रिकाम्या शेतांत त्यांचा वाडा, म्हणजे तळ, उतरतो, मेंढरं खतासाठी रात्रभर बसवलेली असतात, आणि कुत्री कडेने पडून असतात. ती कुत्री मेंढरं हाकत नाहीत. हाकायचं काम धनगराची हाळी, शीळ आणि काठी करते, कुत्र्याचं काम लांडग्यापासून राखण करायचं. त्यामुळे कळपात मेंढरू उड्या मारत पळालं तरी ते कुत्रं ढुंकून बघणार नाही, बघितलं तर धनगर त्याला ठेवणारच नाही. शिकारीची जी साखळी असते ना, आधी नजर रोखायची, मग दबकत जायचं, पाठलाग, पकड, आणि शेवटी मारणं, ती प्रत्येक जातीत माणसाने वेगवेगळ्या जागी तोडलीय. राखणीच्या कुत्र्यात ती जवळजवळ सुरूच होत नाही. मेंढ्या हाकणाऱ्या बॉर्डर कोलीमध्ये नजर आणि पाठलाग फुगवलाय आणि पकड दाबलीय. कॉर्गीमध्ये पाठलाग आणि छोटा चावा दोन्ही शाबूत ठेवलेत कारण त्याशिवाय गाय हलत नाही.

म्हणून चिंगीला राग आला होता का, ती 'आक्रमक' झाली का, ह्या प्रश्नाचं माझं उत्तर नाही असं आहे. पळणारे पाय दिसले आणि तिने तिचं काम केलं. घरच्यांनी फ्लॅटसाठी छोटं कुत्रं घेतलं, छोटं हे त्यांनी किलोत मोजलं. हा हिशोब पुण्या-मुंबईत आता खूप होतोय, इन्स्टावर कॉर्गीचं गोल बूड बघितलं की बुकिंग. चिंगी तर दुसऱ्या शहरातून पिंजऱ्यात आली तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांची होती. 2017 च्या ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि त्याला कारण आहे, ह्याच दिवसांत आई आणि भावंडं शिकवतात की चावा किती जोरात घ्यायचा. पिल्लू जोरात चावलं की दुसरं ओरडून खेळ सोडून जातं. चिंगीचं ते शिक्षण अर्धवट राहिलं.

तरी जातच अशी आहे म्हणून सोडून दिलं तर प्रकरण संपलं असतं, पण ते एवढं सरळ नव्हतं. मी घरच्यांना सल्ला द्यायच्या आधी वही ठेवायला सांगितली. कधी टाच धरली, त्याआधी तास दोन तास काय चाललं होतं, आणि ती झोपली कधी. सगळ्यात कामाचा निघाला तो झोपेचा रकाना. वाढ झालेलं कुत्रं दिवसाचे बारा ते चौदा तास झोपतं, पिल्लू त्याहून जास्त. चिंगीची झोप त्याच्या जवळपासही जात नव्हती. सकाळी दूधवाला, मग पेपर, मावशी, कचरावाला, मग दिवसभर पार्सलवाले, प्रत्येक बेलला ही दारात. दुपारी मुलगा शाळेतून आला की खेळ, संध्याकाळी गच्चीवर बॉल, रात्री आईबाबा आले की लाड. आणि जास्तीत जास्त टाचा धरल्या गेल्या त्या बॉलच्या खेळानंतरच्या तासाभरात! म्हणजे जिला दमवून शांत करायचं होतं ती दमून जास्त पेटत होती. बॉल फेकणं म्हणजे पाठलाग आणि पकड, पाठलाग आणि पकड, नेमका जो भाग कमी करायचा तोच रोज तालमीत घोटून घेतल्यासारखा. शरीर दमतं, डोकं उतरत नाही. ह्या जातींसाठी 'दमवा म्हणजे शांत होईल' हा सल्ला मला अजिबात पटत नाही आणि तो सगळीकडे दिला जातो. फिरायला न्यायचंच, पण फिरणं म्हणजे वास घेत रमतगमत फिरणं.

दुसरी गोष्ट दिसली ती मुलाने तिला उचललं तेव्हा. पुढच्या दोन पायांखाली हात घालून, मागचं अर्धं अंग लोंबतंय, आणि चिंगीने मान वळवून हवेत दात वाजवले. आजी म्हणाल्या, "अगं ती अशीच करते हल्ली, लाड नको असतात तिला." अशीच करते हल्ली हे ऐकलं की आधी व्हेट. तपासताना कमरेच्या मागे हात दाबला तर ती आखडली. एक्सरेमध्ये खुब्याचा सांधा थोडा सैल दिसला. पाठीच्या मणक्यांमधली चकती एक्सरेवर दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो, पण चालण्यात फरक नव्हता, पायांत ताकद नीट होती म्हणून डॉक्टरांनी तो आत्ता नको म्हटलं. लांब पाठ आणि आखूड पाय असलेल्या जातींत चकतीचा त्रास नेहमीचा, त्यात साडेचौदा किलो वजन, सोफ्यावरून उड्या, गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर घसरणं, सायकलबरोबर पळणं. दुखत असलेलं कुत्रं लवकर दात काढतं, यात नवल ते काय. डॉक्टरांनी कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक ठरावीक दिवसांसाठी दिलं. घरातली माणसांची आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लाम वगैरे कुत्र्याला कधीही देऊ नका, पोटात अल्सर होतो, किडन्या जातात.

मग सुरुवात घरापासून केली, पोडियमपासून नाही. सायकल बंद, बॉल बंद, लेझर सरळ कचऱ्यात. हॉलपासून किचनपर्यंत आणि बेडरूमपर्यंत रबरी मॅटची पायवाट केली. घर वाईट दिसतं अशी आईंची तक्रार होती, ती बरोबरच आहे, दिसतं. सोफ्याला पायरी म्हणून पाट ठेवला. उचलायचं तर एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली, पाठ आडवी राहिली पाहिजे, आणि मुलाने उचलायचंच नाही. चोक चेन जाऊन हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, आला.

झोपेसाठी आजींच्या खोलीत कोपऱ्यात तिची जागा केली, पडदा ओढलेला, पंखा चालू, दाराची बेल काढून टाकली आणि सगळ्या पार्सलवाल्यांना गेटवरच ठेवायला सांगितलं. दुपारी आजी आडव्या होतात तेव्हा दार बंद, चिंगीपण आत. पहिले काही दिवस रडारड झाली, मग ती इतकी झोपायला लागली की बाबांचा घाबरून फोन, आजारी आहे का? नाही हो, उधारी फेडतेय.

वजनाचा प्रश्न नाजूक होता कारण तो आजींचा प्रश्न होता. प्रत्येक जेवणात तूप लावलेल्या पोळीचे तुकडे, थालीपीठ, कधी मनुका. कांदा आणि मनुका-द्राक्षं कुत्र्याला विषारी आहेत हे सांगितल्यावर त्या खरंच हादरल्या, आणि ते लगेच बंद झालं. पण भरवणं बंद करा असं मी म्हटलं नाही, म्हटलं असतं तर लपून चाललं असतं. त्याऐवजी सकाळी दिवसभराचं सगळं खाणं मोजून एका डब्यात काढायचं आणि तो डबा आजींच्या ताब्यात द्यायचा. जेवताना द्या, लाडाने द्या, काकडीचा तुकडा द्या, पण डबा रिकामा झाला की दिवस संपला. आजी डब्याच्या बाबतीत इतक्या कडक निघाल्या की बाबांना एक दाणा मिळेना! आठवड्याला साधारण एक टक्का वजन उतरवायचं, त्याहून घाई नको.

मॉपसाठी वेगळं. मावशींना आधीच कुत्र्याची भीती, त्यात रोज हे नाटक. मावशी आल्या की चिंगी आजींच्या खोलीत, आणि तिथे जुन्या टॉवेलच्या घडीत डब्यातलं खाणं लपवून ठेवलेलं. नाकाने शोधत बसायची. काही आठवड्यांनी दार उघडं पण मध्ये जाळीचं गेट, मॉप लांब हलला की आजी तिच्या चटईवर एक दाणा टाकणार, मॉप जवळ आला की अजून एक. मावशींनाही सांगितलं की झटकन ओढू नका, सावकाश पुसा. त्या म्हणाल्या, "ताई, सावकाश पुसलं तर पुढच्या घरी उशीर होतो." हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग रविवारी आईंनी स्वतः मॉप धरून सराव घेतला.

काम तर द्यायला हवंच होतं, गुरं वळायची ती वृत्ती कुठे जाणार. जर्मनीत ट्राइबबॉल नावाचा खेळ निघालाय, त्यात कुत्रं व्यायामाचा मोठा बॉल नाकाने ढकलत गोलपर्यंत आणतं. तो आम्ही हॉलमध्ये छोट्या प्रमाणात, मॅटवर, सावकाश केला. बॉल पळत नाही, फेकला जात नाही, चिंगीला थांबून बाबांकडे बघावं लागतं, मग 'ढकल'. पाच मिनिटं पुरतात. ढकलायच्या आधी थांबणं हीच त्यातली खरी शिकवण.

पोडियमवर चिंगी परत गेली ती मुलं नसताना, सकाळी सातच्या आत. एकतर पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तसंही ह्या दुहेरी कोटाच्या (केसांचे दोन थर असलेल्या) कुत्र्याला त्यानंतर बाहेर काढू नये, पोट जमिनीपासून काही बोटांवर असतं, तापलेल्या फरशीची धग थेट लागते. (उन्हाळ्यात केस भादरायचे नाहीत, तो कोट उन्हापासून वाचवतोही आणि भादरल्यावर नीट परत येईलच असं नाही.) मग संध्याकाळी, पण पोरांपासून खूप लांब, पार्किंगच्या रॅम्पपाशी, लांब दोरी आणि तोंडाला जाळीची टोपली. टोपलीची सवय आधी घरी केली, आत खाणं ठेवून. पोरं पळताना दिसली आणि चिंगीने बघून मान परत वळवली की खाणं. नजर अडकली, कान पुढे, अंग खाली गेलं की उशीर झाला, पट्टा न ओढता वळून लांब जायचं. हे अंतर कमी व्हायला महिने लागले आणि काही दिवस ते उलट वाढलंही, दिवाळीत फटाक्यांमुळे तर सगळं दोन आठवडे बंदच ठेवलं.

मुलांचंही शिक्षण झालं. सोसायटीतल्या पोरांना 'झाड' शिकवलं, कुत्रं मागे आलं तर पळायचं नाही, हात छातीवर बांधून उभं राहायचं आणि जमिनीकडे बघायचं. न हलणाऱ्या झाडाला कोण हाकणार. ओरखडा आलेली मुलगी ह्यात सगळ्यात हुशार निघाली, तिच्या आईवडिलांनी यायला परवानगी दिली ही मोठी गोष्ट, आणि ती दिली कारण चिंगीच्या आईबाबांनी नियमांचा कागद दाखवायच्या आधी घरी जाऊन माफी मागितली, लसीच्या प्रत्येक तारखेला विचारपूस केली. मीटिंगमधला बंदीचा विषय मग चर्चेलाच आला नाही. लिफ्टचा तोडगा निघाला की मुलं आत असतील तर चिंगी पुढच्या फेरीला जाईल.

आज वजन 12 किलोच्या आसपास आहे, अजून थोडं उतरायला हवं. फासळ्या हाताला लागतात, कंबर दिसते. खुब्यासाठी व्हेटकडे ठरल्या वेळी जातात, वेदनाशामक बंद झालंय. पोडियमच्या त्या घटनेनंतर कोणालाही दात लागलेला नाही. गुरगुरणं परत आलंय, आणि त्याबद्दल मी खूश आहे, घरच्यांना समजावावं लागलं की ते येऊ द्या. मॉपवर अजून भुंकते, फक्त धरत नाही. कवडशांचं पूर्ण गेलं नाही, आजी आता पितळी ताटात जेवतात. आणि पकडापकडीच्या वेळी चिंगी पोडियमवर कधीच जाणार नाही, टोपली घालूनही नाही, हे कायमचं ठरलंय. बाबांना हे कमीपणाचं वाटतं, एवढं करून पूर्ण बरी नाही झाली का असं विचारतात. बरं व्हायला ती आजारी नव्हतीच, खुबा सोडला तर.

मुलगा आता सोबतीला दुसरी कॉर्गी आणा म्हणून मागे लागलाय. मी नाही म्हटलंय. आई हसून म्हणाल्या की मॅट आता एकीलाच पुरतात.